गोल कंसातला साडू

माणूस बायको पारखून करतो, निदान तसा त्याचा समज असतो. साडूच्या बाबतीत तेवढीही सोय नाही. बायकोची बहीण कुणाला तरी पसंत करते, आपण टाळ्या वाजवतो, आणि पुढे जन्मभर त्या माणसाशेजारी उभं करून आपली उंची मोजली जाते.

या गोष्टीतल्या थोरल्या जावयाची उंची अशी बरेच दिवस मोजली जात होती. सासरी त्याला थोरला म्हणत आणि ऑफिसातही थोरलाच म्हणू लागले होते, कारण धाकटा जावई, म्हणजे त्याचा साडू, त्याच ऑफिसात पलीकडच्या टेबलावर बसायचा. त्याला तिथे चिकटवला होता तोही थोरल्यानेच. बायको म्हणाली होती, "एक शब्द टाका ना मालकांकडे." थोरल्याने उदार मनाने शब्द टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

थोरला उरकणारा माणूस होता. काम समोर यायच्या आत करून मोकळा व्हायचा. सकाळी वेळ जाऊ नये म्हणून उद्याचे मोजे आज घालून झोपायचा. पाहुणे खुर्चीत टेकायच्या आत विचारायचा, "निघणार कधी?" यात हेतू वाईट नसे, त्याला फक्त त्यांच्या चपला दाराकडे तोंड करून लावून ठेवायच्या असत.

साडूचं सगळं उलट. त्याला सांगितल्याशिवाय तो काही करत नसे, आणि सांगितलं की तेवढंच करी. सासूबाई "बसा" म्हणाल्या की बसायचा, "घ्या" म्हणाल्या की एक घास घ्यायचा आणि पुढच्या "घ्या"ची वाट बघायचा. सासूबाई भारावून जायच्या. "किती समजूतदार मुलगा!" थोरला तोवर जेवून, ताट धुऊन, पुसून, फडताळात ठेवून आलेला असायचा. त्याला त्या म्हणायच्या, "अगंबाई, तुम्ही कधी आलात?"

तर अशा वातावरणात अंड्यांचं काम आलं.

हे ऑफिस यंत्रांसाठी प्रोग्राम लिहायचं. एका मोठ्या पोल्ट्रीच्या बाईंना अंडी निवडणारं यंत्र हवं होतं. शेडमधून अंडी पट्ट्यावरून येणार, खालून दिवा लागणार, वरून कॅमेरा बघणार, आणि शेजारचा यांत्रिक हात प्रत्येक अंडं उचलून मोठी, लहान किंवा तडकलेली अशा तीन ट्रेंपैकी एकात ठेवणार. अंडं मोठं की लहान, हे ठरवणारा प्रोग्राम थोरल्याने लिहिला. तो पानंच्या पानं होता. आणि त्यात जागोजागी चौकोनी कंस होते, कारण चौकोनी कंस थोरल्याच्या स्वभावाचा होता. त्यात काही घातलं की तो आधी सगळंच्या सगळं करतो, भली मोठी यादी भरतो, आणि मग "हं, काय हवंय?" म्हणून छाती काढून उभा राहतो.

साडूने ती पानं वाचली. मग त्यांच्या जागी त्याने एक ओळ लिहिली.

थोरला त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. ओळ गोल कंसात होती. अर्थ एवढाच, की पट्ट्यावरच्या प्रत्येक अंड्यासाठी, अंडं तपास.

"हे काय आहे?"

"अंडी, दादा."

"कुठायत?"

"अजून नाहीत."

"मग या कंसात काय आहे?"

"कशी तपासायची ते. कुणी 'पुढचं' म्हणालं की तो पट्ट्याला 'पुढचं' म्हणतो. पट्टा एक घर सरकतो, एक अंडं येतं, तो ते तपासून देतो. परत 'पुढचं' म्हणालं की परत एक."

"आणि म्हणालंच नाही कुणी?"

"तर बसून राहतो."

"आणि आधी दिलेलं अंडं परत बघायचं असलं तर?"

"नाही बघता येत. दिलं की विसरला. सगळी संपली की 'संपली' म्हणतो, आणि मग कितीही हाका मारा, ओ देत नाही."

"याला काही नाव आहे?"

"जनरेटर. डिझेल लागत नाही."

थोरल्याने त्या ओळीकडे आणि मग साडूच्या मानेकडे पाहिलं. काहीही न करता बसून राहायचं, विचारलं तर एवढंस्सं द्यायचं, आणि वर त्याला लोकांनी हुशार म्हणायचं! ऑफिसात बाकीच्यांना तो प्रोग्राम दिसला असेल. थोरल्याला त्यात सासूबाईंच्या घरचं जेवणाचं टेबल दिसलं.

मालकांनी दोघांचे प्रोग्राम चालवून पाहिले. परीक्षेसाठी अंड्यांचे फोटो घेतले होते. थोरल्याच्या प्रोग्रामने एकूण एक फोटो आधी स्वतःच्या डोक्यात भरले. कॉम्प्युटरचा पंखा असा ओरडायला लागला, की शिपाई खिडकी उघडून विमान शोधायला लागला. साडूचा प्रोग्राम एक फोटो घ्यायचा, बघायचा, सोडायचा. मालकांनी कॉम्प्युटरला कान लावला. "चालू आहे ना रे हा?"

"विचारून बघा," साडू म्हणाला.

मालक खूश झाले. मालक मूळचे गंभीर गृहस्थ. थोरल्याने त्यांना इतक्या वर्षांत खूश झालेलं पाहिलं नव्हतं, आणि पहिल्यांदा पाहिलं तेही दुसऱ्यासाठी.

"हे बघा," मालक म्हणाले, "पोल्ट्रीचं काम मोठं आहे. त्याला गटप्रमुख लागेल. तुम्ही दोघं जा, यंत्र सुरू करून द्या. बाई ज्याचं नाव घेतील तो प्रमुख. दुसरा त्याच्या हाताखाली."

त्या संध्याकाळी थोरला घरी येरझाऱ्या घालत होता. बायको फोनवर बहिणीशी बोलत होती. फोन ठेवून ती म्हणाली, "झाला तो प्रमुख तर झाला. पद घरातच राहील ना?"

"घरातच म्हणजे? घराला दोन बाजू असतात! उद्या मला रजा हवी असली तर अर्ज कुणाकडे करायचा? साडूकडे. आणि रजा घेऊन जायचं कुठे? तुझ्या आईकडे. आणि तिथे कोण बसलेलं असणार?"

"कोण?"

"साडू! म्हणजे त्याच्याकडून रजा घेऊन त्यालाच भेटायला जायचं. आणि तुझी आई विचारणार, 'रजा मिळाली वाटतं?' आणि तो म्हणणार, 'हो, दिली.'"

बायको विचारात पडली. मग म्हणाली, "तो स्वतःहून नाही म्हणणार. कुणी विचारलं तरच."

हे ऐकून थोरल्याच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो पोल्ट्रीत पोचेपर्यंत तस्साच ताजा होता.

पोल्ट्रीच्या बाई गमबूट घालून फाटकात उभ्या होत्या. त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला हां. मोठ्याने बोललं की कोंबड्या बिचकतात, आणि बिचकल्या की कवच पातळ."

थोरल्याने कुजबुजत स्वतःची ओळख, शिक्षण, अनुभव आणि स्वभाव सांगितला. साडूने नमस्कार केला आणि उभा राहिला.

"तुमचं?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"अनुभव वगैरे."

"आहे."

बाई हसल्या. थोरल्याने ते हसू मनात जपून ठेवलं, दाढेत अडकलेला तंतू जपावा लागतो तसं.

यंत्राची खोली शेडला लागून होती. भिंतीतल्या चौकोनी भोकातून पट्टा आत येत होता, दिव्यावरून, कॅमेऱ्याखालून, यांत्रिक हातासमोरून जात होता आणि खोलीच्या टोकाला संपत होता. टोकाला काही ठेवलेलं नव्हतं, कारण तिथवर अंडं पोचायचंच नव्हतं. हात त्याला वाटेतच उचलणार होता. साडूने त्याची ओळ सुरू केली. हाताने जणू "पुढचं" म्हटलं. पट्टा एक घर सरकला. एक अंडं आलं, उजळलं, हाताने ते उचलून मोठ्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं. परत "पुढचं". लहान. "पुढचं". तडकलेलं. असं संथ, बिनबोभाट चाललं होतं, की बघताना झोप यावी. बाई अगदी तल्लीन झाल्या होत्या.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "फक्त एक. आज एकूण किती निघतील ते आधी सांगतं का हे? म्हणजे मी तेवढेच ट्रे मांडून ठेवीन."

"नाही," साडू म्हणाला.

"का?"

"त्यालाच माहीत नसतं. एक आलं की एक सांगतं."

बाईंचा चेहरा किंचित उतरला. किंचितच. पण तेवढ्या फटीतून थोरला आत शिरला.

"बाई, आकडा हवाय ना? आकडा मी देतो. त्यात काय! अरे, तू जरा व्हॅनमधून जास्तीची केबल घेऊन ये."

केबल कशालाच नको होती. पण साडूला सांगितलं होतं, म्हणून तो गेला.

थोरल्याने यंत्र थांबवलं आणि साडूच्या ओळीवर झुकला. गोल कंसाला 'किती आहेत?' असं विचारण्यात अर्थ नव्हता. त्याच्याजवळ काही नसतंच, तो उलट अंगावर येतो. चौकोनी कंसाचं तसं नाही. तो पोटभर जेवून बसलेला असतो, विचारलं की ढेकर देऊन आकडा सांगतो. थोरल्याने ओळीच्या सुरुवातीचा गोल कंस खोडून चौकोनी केला. शेवटचा खोडून चौकोनी केला. खाली आणखी एक ओळ लिहिली, की यादी किती लांब झाली ते पडद्यावर दाखव. ऑफिसात त्याने हे शेकडो वेळा केलं होतं, आणि कधीच काही झालं नव्हतं.

पण ऑफिसात फोटो होते. फोटो पट्ट्यावरून येत नाहीत, आणि खाली पडले तर फुटत नाहीत.

"आता बघा हां," तो बाईंना म्हणाला, आणि यंत्र सुरू केलं.

चौकोनी कंसाने पट्ट्याला 'पुढचं' म्हटलं. अंडं आलं, कॅमेऱ्याने पाहिलं, यादीत नोंद झाली. लगेच 'पुढचं'. लगेच 'पुढचं'. आता मध्ये हातासाठी थांबायचं कारण नव्हतं, त्यामुळे पट्टा पळायला लागला. हात मात्र वर उचललेला तसाच राहिला. त्याला काम मिळणार होतं ते यादी पूर्ण झाल्यावर. तोवर त्याच्यासमोरून अंडी रांगेने, दिमाखात, कुणी न अडवता पुढे गेली.

पहिलं अंडं पट्ट्याच्या टोकाशी आलं, तिथे जरा घुटमळलं आणि फरशीवर पडलं. आवाज फार मोठा झाला नाही.

"अहो, पडलं," बाई कुजबुजल्या.

"सुरुवातीला होतं असं," थोरला कुजबुजला.

दुसरं पडलं. मग बरीच पडली. यादी पूर्ण व्हायला शेवटचं अंडं यायला हवं होतं, आणि पलीकडे शेडमध्ये ऐन अंडी घालायची वेळ होती. शेवटचं अंडं ही कल्पनाच कोंबड्यांना मान्य नव्हती. थोरला यादीची वाट बघत होता, यादी कोंबड्यांची वाट बघत होती, आणि कोंबड्या कुणाचीच वाट न बघता आपलं काम करत होत्या.

साडू केबल घेऊन दारात आला. त्याने पट्टा पाहिला, फरशी पाहिली, पडद्यावरचे दोन चौकोनी कंस पाहिले.

"दादा, बंद करू?"

आता हा बंद करणार, आणि बाई म्हणणार, याने वाचवलं! थोरल्याच्या पोटात एवढं दुखलं, की त्याच्या तोंडून निघून गेलं, "हात लावू नकोस! आकडा येतोय!"

"बरं," साडू म्हणाला, आणि केबल धरून उभा राहिला.

शेवटी ज्या बाईंनी फाटकात ओठांवर बोट ठेवलं होतं, त्यांनीच अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या शेडमधल्या यच्चयावत कोंबड्यांनी तिला साथ दिली. बाई पिवळ्या राड्यातून गमबुटांनी छपछप करत गेल्या आणि त्यांनी भिंतीवरचं मोठं बटण खाली ओढलं.

पट्टा थांबला. थोरल्याने पडद्याकडे पाहिलं. आकडा आला नव्हता.

"काय झालं हे?" बाईंनी साडूला विचारलं. थोरल्याला विचारायची त्यांना भीती वाटत असावी.

"आधी सगळी बघायची आणि मग उचलायची, असं झालं. सगळी येईपर्यंत हात थांबला."

"किती वेळ थांबला असता?"

"कोंबड्या थांबेपर्यंत."

साडूने दोन्ही कंस परत गोल केले, शेवटची ओळ पुसली, बटण वर केलं. हात उचलायला लागला. मग त्याने कोपऱ्यातलं पोतेरं घेतलं, कारण बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. बाईंनी तोवर फरशीचा फोटो मालकांना पाठवला होता, आणि साडूचा फोन वाजला. त्याचे हात बरबटलेले. त्याने कोपरानेच फोन सुरू करून आवाज मोठा केला.

"यंत्र बिघडलं?" मालक.

"नाही."

"पट्टा?"

"नाही."

"मग अंडी फुटली कशी?"

"पडली."

"कुठून?"

"पट्ट्याच्या टोकावरून."

थोरला पोतेऱ्याचं दुसरं टोक धरून उभा होता. एक प्रश्न, एक उत्तर. खोटं एकही नाही, पण खरंही केवढंसं! कंस कुणी बदलला, एवढं मालकांनी विचारलं की साडू सांगणार होता. न विचारलं तर सांगणार नव्हता. आणि पुढचा प्रश्न तोच असणार होता. किंवा त्याच्या पुढचा.

"प्रोग्राम तुझाच चालू होता ना?"

"ओळ माझीच होती."

"आता नीट चाललंय?"

"चाललंय."

"बरं, मग एक शेवटचं विचारतो," मालक म्हणाले, आणि त्यांना ठसका लागला.

तो ठसका संपेना. थोरल्याला आयुष्यात कशाची शिक्षा वाटत असेल तर वाट बघण्याची. त्याने फोन हिसकावला आणि सगळं एकदम ओतलं. कंस मी बदलला, केबलला मी पाठवलं, बंद करू का म्हणाला तर नको मी म्हणालो, मला आकडा हवा होता, कारण बाई त्याच्याकडे बघून हसल्या होत्या, आणि सासूबाईसुद्धा त्याच्याचकडे बघून हसतात, आणि त्याच्या वाढदिवसाला त्यांनी स्वेटर स्वतः विणला आणि माझा दुकानातून आणला, आणि माझ्या त्या स्वेटरची बाही लांब आहे, आणि हे मी कुणाला बोललो नव्हतो, आणि तुम्ही त्या कॉम्प्युटरला कान लावलात तेव्हाही मला फार वाईट वाटलं, साहेब.

पलीकडचा ठसका केव्हाच थांबला होता.

"मला एवढंच विचारायचं होतं," मालक म्हणाले, "की व्हॅनमध्ये पेट्रोल आहे का."

"आहे," साडू म्हणाला.

बाईंनी हात पुढे करून फोन मागितला. "हे बघा साहेब, मला नाव सांगायचं होतं ना? मला हा पाहिजे. हा, विचारल्याशिवाय न बोलणारा. दुसरे वाईट नाहीत हो, पण ते पाच मिनिटं सलग बोलले आणि माझ्या निम्म्या कोंबड्या भिंतीला तोंड करून बसल्यात."

असा साडू गटप्रमुख झाला. त्याने फरशी पुसायचं थांबवलं नाही, कारण ते कुणी सांगितलं नव्हतं.

परतताना साडू गाडी चालवत होता. थोरल्याच्या विजारीवर अंडं वाळून कडक झालं होतं, गुडघा वाकवला की तडकत होतं. रस्त्यावरची दुकानं मागे जात होती. सासूबाईंना आता फोन करावा लागेल, किंवा धाकटीने केलासुद्धा असेल. मग थोरल्याने विचारलं, कशाला विचारलं ते त्यालाही कळलं नाही,

"काय रे, तुला कधी माझा हेवा वाटलाय?"

"वाटतो की."

थोरला सीटवरून अर्धा उठला. सीटबेल्टने त्याला परत बसवलं. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"विचारलं नाहीत कधी."

"कशाचा वाटतो? कशाकशाचा?"

"एकेक सांगू, दादा, की सगळं एकदम?"

थोरल्याच्या रोमारोमाला सगळं एकदम हवं होतं. यादी हवी होती, तिची लांबी हवी होती, घरी गेल्यावर बायकोला सांगायला आकडा हवा होता. त्याने गुडघा जरा वाकवला. अंडं तडकलं.

"एकेक," तो म्हणाला.

साडूने आरशात पाहिलं, गाडी सिग्नलला उभी केली. "तुम्हाला घरी यायला उशीर झाला की तिघी फोन करतात. वहिनी, ही आणि सासूबाई. मागे एकदा माझी ट्रेन वाटेत बंद पडली, मी रात्रभर स्टेशनवर बसून होतो. सकाळी घरात शिरलो, तर ही म्हणाली, 'आज लवकर उठलास?'"

तो थांबला. एक झालं होतं.

थोरल्याने ते वाक्य मनात उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात काही जास्त नव्हतं, काही कमी नव्हतं. इतकी वर्षं तो रात्रंदिवस जळत होता, घाम गाळून जळत होता, आणि शेवटी हाताला काय लागलं, तर स्वेटरची बाही. आणि हा बाबा, सुखाने स्टिअरिंगवर हात ठेवून, एका दमात असलं काहीतरी काढून देतो. म्हणजे हेवासुद्धा याला आपल्यापेक्षा चांगला करता येतो! हे मात्र थोरल्याला अगदीच सहन होईना.

सिग्नल हिरवा झाला.

"पुढचं," तो म्हणाला.